कांद्यातले पाणी

पाककृतींच्या पुस्तकांत एक वाक्य हमखास भेटते: कांदा तपकिरी होईपर्यंत परतावा, सुमारे दहा मिनिटे. दहा मिनिटांत कांदा मऊ पडतो, पारदर्शक होतो, आच मोठी असली तर कडेने करपतोही. पण फ्रेंच पद्धतीच्या कांद्याच्या सूपला जो कांदा लागतो, आतबाहेर सारखा काकवीच्या रंगाचा, चिकट, गोड आणि किंचित कडवट, तो दहा मिनिटांत होत नाही. वीस मिनिटांतही नाही. त्याला तासभर तरी लागतो, आणि पातेले अरुंद असेल तर सव्वा तास. हे सूप घरी करून पाहिले आणि मनासारखे झाले नाही म्हणून ज्यांनी नाद सोडला, त्यांच्यापैकी बहुतेकांचे चीज चुकलेले नसते, वाइनही चुकलेली नसते. कांदा लवकर उतरवलेला असतो.

म्हणून या प्रकरणात सगळ्यात जास्त जागा त्या एका तासाला.

कांद्यात वजनाने सुमारे ८९ टक्के पाणी असते. साखर चार-साडेचार टक्के, प्रथिने जेमतेम एक टक्का. म्हणजे किलोभर कांदा चिरून पातेल्यात टाकला की आपण जवळजवळ ८९० ग्रॅम पाणी आणि चाळीसेक ग्रॅम साखर टाकलेली असते. हे पाणी आहे तोवर कांद्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर सरकत नाही. आच कितीही वाढवा, ती वाफ करण्यातच खर्च होते. तपकिरी रंग आणि खमंग वास आणणाऱ्या अभिक्रियांना खरा जोर येतो तो १२० अंशांच्या पुढे. तेव्हा आधी पाणी जायला हवे, आणि ते तळ न करपता जायला हवे. सूपजोगा झालेला कांदा मूळ वजनाच्या चौथाईच्या आसपास उरतो. पाणी उडाले तरी साखर उडत नाही; ती उरलेल्या कांद्यात दाटते, आणि तिचा काही भाग रंगात व सुवासात बदलतो. मग त्याच कांद्यावर आपण सव्वा लिटर पाणी परत ओततो. वरवर पाहता हा उलटा उद्योग आहे: पाऊण लिटर पाणी तासभर खपून घालवायचे आणि त्याहून जास्त परत घालायचे. पण मधल्या तासात कांद्याचे जे होते, तेच हे सूप.

काय होते? १९१२ साली लुई-कामी मायार या फ्रेंच संशोधकाने साखर आणि अमिनो आम्ले एकत्र तापवली की रंग गडद होत जातो, याविषयीचा निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला. पावाची वरची खमंग कड, भाजलेले शेंगदाणे, कॉफीच्या बिया, सगळ्यांचा रंग आणि वास त्याच अभिक्रियेतून येतो आणि ती आज मायारच्याच नावाने ओळखली जाते. कांद्यातली थोडीशी प्रथिने तिला पुरतात. तिच्या जोडीला नुसत्या साखरेचे कॅरमल होणेही चालू असते. कांद्यातली फ्रुक्टोज ही साखर ११० अंशांच्या आसपासच बदलायला लागते. या दोन्हींच्या बरोबरीने तिसरी एक गोष्ट घडते आणि मला ती सगळ्यात विलक्षण वाटते. चिरलेल्या कांद्यातल्या गंधकयुक्त रसायनांपासून शिजताना असे काही पदार्थ तयार होतात, की ज्यांचा वास मांसाच्या रश्श्यासारखा येतो. त्यातल्या एका संयुगाला संशोधकांनी वेगळे काढून ओळखले आहे. त्याचा अत्यल्प अंशही नाकाला जाणवतो. कांदा नीट भाजलेल्या शाकाहारी रश्श्याला जी भारदस्त चव येते तिचे मूळ इथे आहे. सूपच्या पुढच्या टप्प्यावर ही गोष्ट आपल्याला उपयोगी पडणार आहे.

आता कांदा कोणता घ्यायचा ते पाहू. फ्रान्समध्ये साध्या सूपला पिवळ्या सालीचा, साठवणीचा, तिखट कांदा घेतात. ब्रिटनीतल्या रोस्कॉफचा गुलाबी कांदा अधिक नावाजलेला. १८२८ पासून तिथले शेतकरी हा कांदा होडीत घालून इंग्लंडच्या किनाऱ्यावर नेत आणि वेण्या घातलेल्या माळा खांद्यावर टाकून दारोदार विकत. २००९ साली त्याला फ्रान्सचे भौगोलिक मानांकनही मिळाले. पण गोड कांदा घेतला म्हणजे सूप गोड होईल, ही समजूत मात्र सोडून द्यावी. कच्चा खाताना गोड लागणाऱ्या कांद्यात साखर जास्त असतेच असे नाही. त्यात गंधकाचा तिखटपणा कमी असतो, म्हणून साखर जिभेला कळते. शिजताना तिखटपणा तसाही जातो. उरते ते कांद्यातले कोरडे सत्त्व, आणि ते साठवणीच्या तिखट कांद्यात जास्त असते.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे वाचून आनंद व्हावा, कारण अशा कांद्यासाठी कुठे दूर जावे लागत नाही. मार्च ते मे या काळात निघणारा आणि चाळीत दिवाळीपर्यंत टिकणारा उन्हाळ कांदा या सूपला अगदी योग्य. लासलगावच्या बाजारात हिवाळ्यात येणारा ताजा लाल कांदा रसाळ असतो, तो चालतो, पण त्याला पाणी सोडायला आणि आटायला पंधरा-वीस मिनिटे जास्त द्यावी लागतात. २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा सौम्य आणि सुरेख आहे. तो कोशिंबिरीसाठी राखावा, पातेल्यात आटवून त्याची नजाकत वाया घालवू नये.

चार जणांना एक किलो कांदा. चिरायचा उभा, म्हणजे देठापासून मुळाकडे, साधारण चार-पाच मिलिमीटर जाड. कांद्याचे तंतू याच दिशेने जातात. त्यांना धरून चिरलेली पाकळी तासभर शिजूनही पाकळी राहते आणि चमच्यात लागते. आडव्या चकत्या केल्या तर तंतू तुटतात आणि कांदा विरघळून लगदा होतो. फार पातळही चिरू नये. बारीक चिरलेल्या कांद्याने लवकर काम होईल असे वाटते, पण बारीक तुकडे आधी करपतात, जाड मागे राहतात आणि कडवटपणा सगळ्या भांड्यात पसरतो.

एवढा कांदा चिरायचा म्हणजे डोळ्यांचा प्रश्न आला. कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त अमिनो आम्ले आणि अलिनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. सुरी पेशी फोडते, दोघांची गाठ पडते आणि पुढच्या काही क्षणांत एक हलके, उडून जाणारे संयुग तयार होते. ते डोळ्यातल्या ओलाव्यावर बसले की आग होते. हे संयुग आपोआप बनते असे बरीच वर्षे समजले जाई. २००२ साली जपानी संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की त्यासाठी एक दुसरे, स्वतंत्र विकर काम करते. घरात यावर दोनच उपाय खरोखर चालतात. कांदे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले की विकरांचा वेग मंदावतो, आणि सुरीला चांगली धार असली की पेशी चेंगरण्याऐवजी कापल्या जातात. तोंडात पाव धरणे, डोक्यावर काडी ठेवणे वगैरे उपाय सांगणारे लोक भेटतील. त्यांचे ऐकून घ्यावे आणि सुरीला धार लावावी.

पातेले जाड बुडाचे आणि पसरट हवे. बिडाचे असेल तर फारच उत्तम. नॉनस्टिक भांडे मात्र इथे कामाचे नाही, कारण तळाला काहीतरी चिकटायलाच हवे. ते का, ते पुढे येते. पन्नास ग्रॅम लोणी आणि एक मोठा चमचा तेल गरम करा. लोण्याला चव आहे, पण त्यातले दुधाचे कण लवकर जळतात. तेल घातल्याने ते टळत नाही, तेव्हा आच बेताची ठेवा. आपल्याकडचे डब्यातले पिवळे लोणी बहुतेक वेळा खारट असते, तेव्हा मीठ त्या मानाने कमी धरा. कांदा घाला, अर्धा चमचा मीठ घाला, हलवून झाकण ठेवा आणि मध्यम-मंद आचेवर पंधरा मिनिटे राहू द्या. झाकण काढाल तेव्हा काठोकाठ भरलेला कांदा अर्ध्यावर आलेला असेल आणि स्वतःच्याच पाण्यात शिजत असेल. आता झाकण नको. आच थोडी वाढवा, पाणी आटू द्या.

इथून पुढे आवाजाकडे लक्ष द्यावे. पाणी आहे तोवर कांदा खदखदतो. ते सरले की आवाज बदलतो, चुरचुर सुरू होते आणि पातेल्याच्या तळाशी पहिला सोनेरी पापुद्रा दिसतो. हीच वेळ आच कमी करण्याची. आता दर तीन-चार मिनिटांनी लाकडी उलथन्याने तळ खरवडून हलवत राहायचे. पापुद्रा गडद होऊन सहज सुटेनासा झाला की दोन चमचे पाणी शिंपडायचे. खरवड सुटते, तिचा रंग कांद्याला चढतो, पाणी उडते आणि नवी खरवड धरू लागते. ही फेरी पाच-सहा वेळा होते. दर खेपेस कांदा एका छटेने गडद होतो. मधल्या टप्प्यावर तो छान सोनेरी दिसतो आणि वास इतका सुरेख येतो की झालेच असे वाटते. तिथे थांबू नका. सोनेरी कांद्याचे सूप नुसते गोड होते. आणखी वीस मिनिटांनी जो किंचित कडवटपणा येतो, त्यानेच त्या गोडीला आळा बसतो आणि वाटी संपवता येते.

घाई असणाऱ्यांसाठी चिमूटभर खाण्याच्या सोड्याची युक्ती सांगितली जाते. ती खोटी नाही. कांदा किंचित आम्ल असतो, सोड्याने आम्लता कमी होते आणि मायारची अभिक्रिया भराभर चालते. वेळ बराच वाचतो. पण त्याच सोड्याने पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिनही विरघळते आणि कांद्याचा गाळ होतो. वाटणासाठी कांदा करायचा असेल तर ही युक्ती जरूर वापरा. या सूपमध्ये पाकळी पाकळीच राहिली पाहिजे, म्हणून मी ती वापरत नाही. साखर घालण्याचे तसे नाही. ज्युलिया चाइल्ड यांनी सिमोन बेक आणि लुइझेत बेर्तोल यांच्यासह लिहिलेल्या आणि १९६१ मध्ये निघालेल्या फ्रेंच पाककलेच्या ग्रंथात रंगाला मदत म्हणून पाव चमचा साखर सांगितली आहे. अमेरिकेतल्या घराघरांत हे सूप पोहोचवण्यात त्या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. तेवढ्या साखरेने बिघडत काही नाही. तासभर दिला तर तिची गरजही भासत नाही.

कांदा हवा तसा झाला की एक चमचा मैदा भुरभुरून दोन मिनिटे परता, म्हणजे सूपला हलके अंग येते. मग अर्धी वाटी कोरडी पांढरी वाइन. ती गरम तळावर पडली की उरलीसुरली खरवड सुटते. वाइनमधल्या आंबटपणाचे काम मोठे आहे, गोड कांद्याला तो उठाव देतो. घरात वाइन चालत नसेल तर अर्धी वाटी पाण्यात दोन चमचे सफरचंदाचा व्हिनेगर घाला. चव तीच नाही येत, पण तोल साधतो.

आता पाणी. इथे बहुतेक पुस्तके गोमांसाचा गडद रस्सा सांगतात आणि शाकाहारी वाचक पान उलटतो. त्याने उलटू नये. कांद्याच्या सूपची एक प्रसिद्ध जुनी कृती निव्वळ पाण्यावर उभी आहे, आणि तिच्यामागे एका राजाचे नाव आहे. स्तानिस्लास लेश्चिन्स्की हा पोलंडचे सिंहासन गमावलेला राजा. त्याची मुलगी मारी १७२५ मध्ये पंधराव्या लुईशी लग्न करून फ्रान्सची राणी झाली आणि १७३७ पासून तो स्वतः लोरेन प्रांताचा ड्यूक म्हणून लुनेव्हिलला राहू लागला. मुलीला भेटायला व्हर्सायला जाताना वाटेत शालों गावच्या खाणावळीत त्याला कांद्याचे सूप वाढले गेले. ते त्याला इतके आवडले की ते कसे करतात हे स्वयंपाकघरात जाऊन पाहिल्याशिवाय तो पुढे निघाला नाही, अशी कथा आहे. कथा खरीखोटी कशीही असो, स्तानिस्लासच्या नावाने ही कृती लिहून ठेवणारा माणूस पक्का माहितीतला आहे. निकोला आपेर, बंद बरणीत अन्न उकळून टिकवण्याची पद्धत जगाला देणारा. १८१० मध्ये फ्रान्स सरकारने त्याला त्याबद्दल १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले होते. त्याचा जन्म १७४९चा, गाव शालों, आणि वडील खाणावळ चालवणारे. गावच्या खाणावळीतल्या सूपची कथा त्याने आपलेपणाने सांगावी यात नवल नाही. त्याच्या कृतीत पावाची कड लोण्याने खमंग करून घ्यायची, त्याच लोण्यात कांदा तांबूस करायचा, आणि उकळते पाणी ओतायचे. मांसाचा रस्सा नाही.

आपेरची बाजू मला पटते. गडद रस्सा उत्तमच असतो, पण तो घातला की सूप रश्श्याचे होते आणि कांदा त्यात पोहतो. पाणी घातले की कांद्यालाच सगळे सांगावे लागते, आणि तासभर आटलेल्या कांद्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते; ते मांसासारख्या वासाचे संयुग आठवा. मधला मार्ग हवा असेल तर सव्वा लिटर पाण्यात मूठभर सुकी अळंबी, एक गाजर आणि कांद्याची स्वच्छ धुतलेली कोरडी साले घालून पाऊण तास मंद उकळा आणि गाळून घ्या. सालींनी रंगही सुंदर येतो. बाजारातल्या चौकोनी वड्या टाळा. त्यांत मीठ इतके असते की वर चीज आल्यावर सूप तोंडात धरवत नाही. पाणी किंवा रस्सा, जे असेल ते कांद्यावर ओता, दोन तमालपत्रे आणि थाइमच्या एक-दोन काड्या टाका, आणि अर्धा तास मंद शिजवा. मीठ शेवटी चाखून, हात आखडता ठेवून.

इथवर झाले ते कांद्याचे सूप. वर पाव आणि चीज येऊन ते भट्टीत गेले की ते ग्रातिने, आणि ग्रातिने म्हटले की पॅरिसकराला ले आल आठवते. सेंत-उस्ताश चर्चच्या पायथ्याशी भरणारा हा शहराचा मोठा भाजीबाजार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला व्हिक्तोर बाल्तार या वास्तुकाराने त्याच्यावर लोखंड आणि काचेचे भव्य मंडप उभारले, आणि १८७३ मध्ये एमिल झोलाने आपल्या कादंबरीत या बाजाराला पॅरिसचे पोट म्हटले. (त्या कादंबरीत पहाटे फुटपाथवर विकले जाणारे सूप कोबीचे आहे.) बाजार रात्री जागा व्हायचा. गाड्या मध्यरात्रीपासून लागायच्या, हमाल अंधारात शेकडो किलो माल उतरवायचे, आणि आसपासच्या उपाहारगृहांत त्यांच्यासाठी गरम सूप तयार असायचे. त्याच सुमाराला नाटके आणि नाच आटोपून निघालेली श्रीमंत मंडळीही तिथेच यायची. थंडीत रात्रभर ओझी वाहिलेल्या माणसाला आणि रात्रभर प्यायलेल्या माणसाला एकाच वाटीचा आधार वाटावा, असे हे अन्न होते: खारे, गरम, पावाने जड आणि चीजने भरलेले. फ्रान्समध्ये लग्नाच्या रात्री उशिरापर्यंत नाचलेल्या पाहुण्यांना पहाटे कांद्याचे सूप द्यायची रीत आहे, तिच्यामागे हेच व्यवहारज्ञान आहे. १९६९ मध्ये बाजार शहराबाहेर रंजिसला गेला आणि पुढच्या दोन-चार वर्षांत मंडप पाडले गेले. एवढ्या सुंदर वास्तू जमीनदोस्त होऊ दिल्याची हळहळ पॅरिसकर अजून बोलून दाखवतात, आणि त्यांचे चुकत नाही. एक मंडप तेवढा नोजां-स्यूर-मार्न इथे हलवून वाचवला. बाजाराशेजारी १९४७ मध्ये सुरू झालेले ‘ओ पिए द कोशों’ हे उपाहारगृह मात्र जागेवर आहे आणि तिथे ग्रातिने आजही मिळते.

या थरासाठी पाव शिळा हवा. ताजा पाव रस शोषून लगेच चिखल होतो. बॅगेटच्या बोटभर जाड चकत्या मंद भट्टीत, १६० अंशांवर, वीसेक मिनिटे पूर्ण कोरड्या होईपर्यंत ठेवाव्यात. बॅगेट नसेल तर गोव्याकडच्या पोदेराकडचा कडक उंडो चांगला. मऊ लादी पाव या कामाला येत नाही.

चीज ग्रुयेर किंवा कोंते. पहिले स्वित्झर्लंडचे, चाक साधारण ३५ किलोचे आणि निदान पाच महिने मुरवलेले. दुसरे सीमेपलीकडच्या फ्रेंच जुरा डोंगरांतले, १९५८ पासून भौगोलिक मानांकन असलेले. दोन्ही वितळताना तेल फारसे सोडत नाहीत, लांब तार देतात आणि वरून खमंग भाजले जातात. भारतात ती मिळतात, पण महाग. शिवाय दोन्हींसाठी पारंपरिक पद्धतीने वासराच्या जठरातले रेनेट वापरतात, हे काटेकोर शाकाहारी माणसाने जाणून असावे. आपल्याकडे तयार होणाऱ्या, हिरव्या ठिपक्याच्या एमेंटल किंवा गौडा चीजमध्ये ती अडचण नसते. अर्धे गौडा आणि अर्धे मोझरेला असे मिश्रण मला परवडते आणि आवडतेही: एकाची चव, दुसऱ्याची तार. प्रोसेस्ड चीज नको. त्यातल्या क्षारांमुळे ते गुळगुळीत वितळते, पण त्याला ना तार येते, ना वरची भाजकी कड.

भट्टीत चालणाऱ्या जाड वाट्या घ्या. कढत सूप तीन-चतुर्थांश भरा, वर पाव असा बसवा की सूप दिसू नये, आणि चीज काठावरून थोडे बाहेर सांडेल इतके घाला. काठाला चिकटून भाजलेले चीज खरवडून खाण्यात अर्धी मजा आहे. वरच्या आचेखाली चार-पाच मिनिटे, बुडबुडे येऊन तपकिरी डाग पडेपर्यंत. काचेच्या वाट्या साध्या असतील तर तडकतील, तिथे धोका पत्करू नका. घरात भट्टीच नसेल तर कोरड्या पावावर चीज घालून तव्यावर झाकण ठेवून वितळवा आणि तो पाव वाढताना सूपवर सोडा. वरून भाजलेपणा येणार नाही. पण खालचा कांदा नीट झाला असेल तर कोणाची तक्रार येत नाही.

वाटी समोर आली की दोन-तीन मिनिटे थांबावे. चीजच्या झाकणाखाली सूप फार वेळ कढत राहते आणि पहिल्याच घोटाला जीभ भाजते. सूप उरले तर पावाशिवाय फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेले लागते. आणि तासभर उभे राहायचेच आहे तर पातेल्यात मावेल तितका, दीड-दोन किलो कांदा एकदम आटवा. जास्तीचा कांदा लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने राहतो, आणि पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी सूप खरोखरच अर्ध्या तासात होते.